खिळ्यांच्या फळ्यावरची चिठ्ठी

नीलमच्या गळ्यात शिट्टी दिसली की माझ्या पोटात दुखायचं. हे आता मी बिनधास्त लिहू शकते. एक तर मला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, आणि दुसरं म्हणजे नीलमला देवनागरी वाचता येत असली तरी मराठीचा अर्थ लागत नाही. संपादकांनी माझ्याकडे शाळेतल्या नोकरीचे अनुभव मागितले तेव्हा त्यांच्या मनात खडू-फळा आणि गुणी विद्यार्थी वगैरे असणार. ते सगळं माझ्याकडे भरपूर आहे. पण ज्या कामाचा मला सगळ्यात जास्त तोरा होता आणि ज्या कामात माझी सगळ्यात जास्त शोभा झाली, ते काम वेगळंच होतं.

शाळेत आग लागली, गॅस गळला, माकडांची टोळी वर्गात घुसली, तर कोणी काय करायचं, कोणी कोणाला काय सांगायचं आणि कोणी तोंड बंद ठेवायचं, हे आधी ठरवून ठेवायचं काम. त्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत आणि कोणी ते आपणहून मागत नाही. मी मागून घेतलं होतं.

आमचं घर झाशीत खंडेराव गेटाजवळ. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि भाजीवाल्याशी भांडताना बुंदेली, असा आमचा कारभार. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची, पुढे व्हाइस प्रिन्सिपल झाले. तेव्हा रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकदा गंधक पेटलं. आग म्हणाल तर वाटीभर, पण धूर असा की डोळे उघडेनात. प्रिन्सिपल साहेबांनी माइकवरून सांगितलं, "सब बच्चियाँ अपनी कक्षा में रहें." त्याच वेळी पी.टी.च्या मास्तरांनी शिट्टी फुंकून सगळ्यांना मैदानात बोलावलं. ऑफिसातले बडे बाबू घाबरले आणि त्यांनी सुटीची घंटा दिली. आणि मी जिन्यात उभी राहून वर जाणाऱ्यांना खाली आणि खाली येणाऱ्यांना वर पाठवत होते. नववीतल्या दोन मुली संध्याकाळी सदर बाजारात टिक्की खाताना सापडल्या. घंटा झाली म्हणून त्या दप्तर उचलून निघाल्या होत्या.

स्टाफरूममध्ये त्यावर पुष्कळ हसून झालं. मला हसू येईना, कारण त्या दोघी शाळेत नाहीत हे तीन तास कोणालाच माहीत नव्हतं. त्या वर्षीची अख्खी उन्हाळ्याची सुटी मी आराखडा करण्यात घालवली. इमारतीचे नकाशे काढले, जिने मोजले, दारं कुठल्या बाजूला उघडतात ते पाहिलं. भूगोलवाल्या बाईला एवढं यायलाच हवं.

बाहेरच्या माणसासाठी सोपं करून सांगते. संकटात एकाच माणसाने हुकूम द्यायचा. हिंदीत कमांडला कमान म्हणतात, म्हणून त्या माणसाला आम्ही कमान म्हणायचो. बाकीचे आपापलं एकच काम करणार. एक जण गिनतीवर, म्हणजे मुली मोजायला. एक जण फाटकावर, पालकांच्या हाती मुलगी सोपवायला, आणि तीही मुलीच्या ओळखपत्राच्या कार्डावर ज्याचं नाव आहे त्याच्याच हाती. एक जण फोनवर. पालकांना काय सांगायचं ते वाक्य आधी लिहून ठेवलेलं, त्यात आपल्या मनाचं एक अक्षर घालायचं नाही. एक जण औषधाच्या पेटीपाशी. प्रत्येक वर्गशिक्षिकेकडे दोन कार्डं. सगळ्या मुली समोर दिसल्या तर हिरवं वर धरायचं, एक जरी कमी असली तर लाल.

आणखी दोन नियम मी घातले होते. ज्याला निरोप मिळाला त्याने तो मोठ्याने परत म्हणून दाखवायचा. आमच्याकडे "हाँ-हाँ, ठीक है" म्हणजे समोरच्याने काही ऐकलेलं नाही असंच समजावं. दुसरा नियम खिळ्यांच्या फळ्याचा. इकडच्या शाळांत मुलींना वर्गातून उठवून कामाला पाठवायची भारी हौस. पाहुण्यांसाठी हार ओवायचे आहेत, बोलवा चार मुली. रजिस्टरं लावायची आहेत, बोलवा दोन. म्हणून व्हरांड्यात खिळे मारलेला एक फळा लावला. जो मुलीला वर्गाबाहेर नेईल त्याने चिठ्ठीवर तिचं नाव, जागा आणि वेळ लिहून ती खिळ्याला अडकवायची. मुलगी जागेवर परतली की चिठ्ठी काढायची. संकटाच्या वेळी हा फळा काढून कमानीच्या हाताशी नेऊन ठेवायचा.

कमान अर्थातच मी. आराखडा माझा, इमारत मला पाठ, शाळेत सगळ्यात जुनी मी. दुसऱ्या कोणाचं नाव माझ्या डोक्यातही आलं नाही.

पहिली मॉक ड्रिल झाली आणि मी कमाल केली, असं मला वाटलं. प्रत्येक वर्गात स्वतः गेले, मागच्या जिन्यावर स्वतः उभी राहिले, फाटकावरही स्वतः जाऊन आले. संपल्यावर नवे प्रिन्सिपल साहेब, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, मला खुर्ची देऊन म्हणाले, "वसुधा जी, प्लान तो बहुत बढ़िया है. बस, आपको ढूँढने में ही सबका टाइम निकल गया."

पुढच्या आठवड्यात कमान नीलमकडे गेली.

नीलम आमची खेळाची शिक्षिका. चिरगावहून रोज बसने यायची. नोकरीला लागून तिला चार वर्षंही झाली नव्हती. आवाज असा की भोंग्याची गरज पडू नये. प्रिन्सिपल साहेबांनी मला गिनतीवर नेमलं आणि वर साखर पेरली, "गिनती आपसे अच्छी कौन करेगा?" मी हसून मान हलवली. घरी आल्यावर आमच्या ह्यांना सांगितलं तर हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "वसू, म्हणजे तुझी शाळा आता सुखरूप आहे म्हणायची." त्या दिवशी ह्यांच्या वरणात मी मीठ घातलं नाही.

नीलमने माझ्या आराखड्यात एकच बदल केला. मी कमानीची जागा ऑफिसच्या पोर्चमध्ये ठेवली होती, फोनजवळ, सावलीत, मानाची. तिने ती उचलून मैदानाच्या कडेला कडुनिंबाच्या चबुतऱ्यावर नेली. मी विचारलं, "खुले में क्यों खड़ी होगी?" ती म्हणाली, "मैडम जी, वहाँ से सब दिखता है." मी नाक मुरडलं. फोन नाही, पंखा नाही, चबुतऱ्यावर चढून उभं राहायचं म्हणजे काय रामलीलेतला राजा आहे की काय, असंही स्टाफरूममध्ये म्हणाले. दोघी-तिघी हसल्या. ते नीलमच्या कानावर गेलं असणार, तरी दुसऱ्या दिवशी ती मला नेहमीसारखं नमस्ते करून गेली. त्या नमस्तेचाही मला राग आला.

ड्रिलमध्ये ती मला निरोप द्यायची आणि थांबायची. मी तो परत म्हणावा म्हणून. मी म्हणायची, "सुन लिया, बेटा." हे 'बेटा' मायेचं नव्हतं, हे तिलाही कळत होतं. ती हळू आवाजात म्हणायची, "मैडम जी, दोहराइए." आणि मी हातातल्या याद्यांत काहीतरी शोधायला लागायची. नियम माझा होता. पण कालच्या पोरीसमोर शाळकरी मुलीसारखं उभं राहून तिची वाक्यं म्हणायची, हे माझ्या गळ्याखाली उतरेना.

एका लांबलेल्या ड्रिलची बातमी बसमधून बरुआसागरला पोचली आणि पोचेपर्यंत तिची खरी आग झाली. तासाभरात एक म्हातारे गृहस्थ फाटकावर हजर. डोक्याला साफा, पायांना मळ्यातला चिखल, आल्याच्या शेतातून तसेच उठून आलेले. सहावी ब मधल्या मुस्कानचे आजोबा. इकडे आजोबांना बब्बा म्हणतात आणि मुलीला मौड़ी. कार्डावर नाव फक्त वडिलांचं, म्हणून फाटकावरच्या बाईंनी अडवलं. बब्बांचा आवाज चढला, "हमाई मौड़ी दै दो, हमें और कछू नईं चाने! नाँव नईं लिखो तो का हम बब्बा नईं आयँ?"

फाटकाजवळ गर्दी जमली. मी गिनती सोडून तिकडे निघाले होते, कारण असल्या माणसांना समजवावं तर मीच, अशी माझी खात्री. तेवढ्यात ड्रिलसाठी आम्हाला दिलेल्या वॉकी-टॉकीवर चबुतऱ्यावरून नीलमचा आवाज आला, "बब्बा को कुर्सी दो, पानी दो. मुस्कान को फाटक के अंदर से दिखा दो. सौंपना नहीं है. पापा को फ़ोन लगाओ." फाटकावरच्या बाईंनी ते शब्दाला शब्द परत म्हटलं. बब्बा खुर्चीवर बसले, नातीला जाळीतून पाहिलं, पाणी प्याले आणि गप्प झाले. मुस्कानच्या वडिलांनी दुसऱ्या दिवशी येऊन कार्डावर आजोबांचं नाव घातलं. मला हे का सुचलं नसतं? सुचलं असतं. पण मी तिथे जाऊन भाषण केलं असतं, आणि तेवढ्यात बब्बा फाटक ओलांडून आत आले असते. हे मला त्याच दिवशी कळलं, म्हणून जास्त जळफळाट झाला.

आता तो दिवस. फेब्रुवारी महिना, वार्षिक प्रदर्शन जवळ आलेलं. मला वरच्या मजल्यावरच्या नकाशांच्या खोलीतले जुने नकाशे पुसून गुंडाळून हवे होते. तास बदलताना, वर्गात बाई नसताना, मी मुस्कानला वर्गातून बोलावलं. नीटनेटकी पोर, तिने बांधलेली गुंडाळी सुटत नसे. तिला वर पाठवलं आणि नियमाप्रमाणे चिठ्ठी लिहिली. मुस्कान, सहावी ब, नकाशांची खोली, सव्वा अकरा. चिठ्ठी घेऊन व्हरांड्यात आले तर फळ्यापाशी नीलम उभी. हिंदीच्या बाईंनी चिठ्ठीवर वेळ घातली नव्हती म्हणून ती त्यांना परत लिहायला लावत होती. त्या बाई माझ्या बरोबरीच्या, आणि निमूट लिहीत होत्या.

मी तिथेच थबकले. आता मीही हिच्यासमोर चिठ्ठी घेऊन उभी राहू? ती वाचणार, तपासणार आणि मग 'ठीक है मैडम जी' म्हणणार? मी चिठ्ठीची घडी केली, पर्समध्ये टाकली आणि सरळ स्टाफरूमकडे वळले. पाच मिनिटांत पोर परत येणार आहे, कोण बघतंय, असं स्वतःला सांगितलं.

वीस मिनिटांनी मुख्य जिन्याखालचा विजेचा पॅनल पेटला. आधी जळक्या रबराचा वास, मग काळा धूर, आणि तो जिन्यातून सरळ वर चढला. नीलमच्या तीन लांब शिट्ट्या ऐकू आल्या. खोटं कशाला लिहू, मुली सुरेख उतरल्या. मागच्या जिन्याने, एका रांगेत, पहिली-दुसरीच्या मुलींनी एकमेकींच्या वेण्या न ओढता. मुस्कान केव्हाच वर्गात परतली असेल असं धरून मी मैदानात याद्या घेऊन उभी होते आणि एकेक हिरवं कार्ड वर येत होतं.

सहावी ब चं कार्ड लाल आलं.

वर्गशिक्षिका ओरडून सांगत होत्या, "एक कम! मुस्कान नहीं है! बोर्ड पर पर्ची भी नहीं है!" अख्ख्या शाळेत मुस्कान कुठे आहे हे एकाच माणसाला ठाऊक होतं. आणि मी तोंड उघडलं नाही. किती वेळ, ते सांगता येणार नाही. फार नसेल, पण त्या वेळात माझ्या मनात जे आलं ते लिहिते, कारण ते लिहिण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. माझ्या मनात आलं की मीच धावत जाते, मागच्या जिन्याने तिला खाली आणते, मग कोणाला काही सांगावं लागणार नाही. मुलगी आधी मनात यायला हवी होती. आधी माझी अब्रू आली.

मी याद्या घेऊनच धावत सुटले. गिनतीवर मागे कोणीच उरलं नाही.

"वसुधा मैडम! अपनी जगह पर!"

सगळ्या शाळेसमोर, भोंग्याशिवाय. त्या क्षणापर्यंत नीलमने मला कधी 'जी' शिवाय हाक मारली नव्हती. मी थांबले आणि चबुतऱ्याकडे गेले.

"बच्ची कहाँ है, आपको पता है?"

"नक़्शे वाले कमरे में. मैंने भेजा था."

"पर्ची?"

मी पर्स उघडली आणि घडी केलेली चिठ्ठी तिच्या हातात दिली. तिने ती वाचली. मला वाटलं आता ही काहीतरी बोलेल, आणि बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. ती वर खिडक्यांकडे पाहत होती. "दिख गई," ती म्हणाली. "आख़िरी खिड़की."

मीही पाहिलं. गजांतून एक गुंडाळलेला नकाशा बाहेर आला होता आणि वर-खाली हलत होता. आम्ही मुलींना शिकवलं होतं, बाहेर धूर असेल तर दार लावा, फटीत कापड कोंबा, खिडकीत जा आणि हाताला येईल ते हलवा. मुस्कानने तेच केलं होतं. ऑफिसच्या पोर्चमधून ती खिडकी दिसत नाही. नंतर मी कितीतरी वेळा तिथे जाऊन उभी राहिले आहे, मान वाकडी करून पाहिलं आहे. नाही दिसत.

नीलमने प्रयोगशाळेचे सहायक आणि गणिताच्या बाई, दोघांना ओले पंचे देऊन मागच्या जिन्याने वर पाठवलं. त्यांनी निरोप परत म्हटला आणि निघाले. मग ती माझ्याकडे वळली. "आप गिनती पर रहिए. बाकी सब कार्ड दोबारा देखिए. दो लोग गए हैं, तीसरा कोई नहीं जाएगा. दोहराइए."

"मैं गिनती पर रहूँगी," मी म्हणाले. "बाकी सब कार्ड दोबारा देखूँगी. दो लोग गए हैं. तीसरा कोई नहीं जाएगा." ते वाक्य म्हणायला मला जेवढा वेळ लागला, तेवढा कुठलंही वाक्य म्हणायला लागला नसेल.

मी सगळी कार्डं पुन्हा पाहिली. प्रत्येक रांगेपाशी जाऊन, बोट ठेवून मुली मोजल्या. खिडकीकडे पाठ होती आणि वळून पाहायची छाती होत नव्हती. मग मागून सहावी ब च्या मुलींचा एकदम गलका झाला. मुस्कान खोकत आली, तोंडावर ओला पंचा, काखेत आशियाचा नकाशा. तिने तो माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "मैम, चार बच गए हैं." चार नकाशे गुंडाळायचे राहिले, म्हणून ती माझी माफी मागत होती. तिच्या वर्गाचं कार्ड हिरवं झालं आणि मी यादीत खूण केली.

दोन दिवसांनी बब्बा आले. या वेळी पाय धुऊन, स्वच्छ साफा बांधून. खांद्यावर ताज्या आल्याची पिशवी. मी ऑफिसच्या व्हरांड्यात बसले होते. पिकलेले केस, खुर्ची, समोर टेबल, शाळेतली मोठी बाई दुसरी कोण असणार? त्यांनी पिशवी माझ्या पायांशी ठेवली आणि हात जोडले. "बड़ी मैडम, हमाई मौड़ी तुमई ने बचाई. भगवान तुमें बनाए रखें."

वर्षभर ज्यासाठी तळमळत होते ते समोर आलं होतं. बघणारे पाच-सहा जण होते. बाबू होते, प्रिन्सिपल साहेब दारात उभे होते. मला नुसतं हसून मान हलवायची होती. आणि खरं सांगते, मान हलायला लागली होती.

"बब्बा," मी म्हणाले, "हमने नहीं बचाई. हमारी वजह से फँसी थी. पर्ची हमारे पर्स में रह गई थी." मग 'रह गई' हेही खोटंच आहे असं वाटून म्हणाले, "हमने रख ली थी. बचाया उसने." आणि मैदानाकडे बोट दाखवलं. नीलम तिथे सातवीच्या मुलींना खो-खो शिकवत होती.

बब्बांनी माझ्या बोटाच्या दिशेने मैदानाकडे पाहिलं. रागावले नाहीत. मग खाली वाकून त्यांनी पिशवी उचलली, खांद्याला लावली आणि मैदानाकडे चालायला लागले. मला वाटलं होतं मूठभर तरी ठेवतील.

त्या घटनेच्या अहवालात चिठ्ठी का नव्हती याचा रकाना नीलमने कोरा सोडला आणि कागद माझ्याकडे पाठवला. मी त्यात माझं नाव लिहिलं, कारण लिहिलं आणि सही केली. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत तिचा प्रत्येक निरोप मी परत म्हटला. बेटा म्हणणंही सोडलं. पण माझा मत्सर गेला असं कोणी समजू नये. तिने एकदा दुसऱ्या शाळेत जाऊन आमचा आराखडा समजावून दिला, तेव्हा 'आमचा' या शब्दावर मी दोन दिवस धुमसत होते.

शेवटच्या दिवशी शाल-नारळ झालं, फोटो झाले. सगळे समोशांकडे वळले तशी मी व्हरांड्यात गेले. फळ्यापाशी उभी राहून चिठ्ठी लिहिली. वसुधा, गिनती, घरी गेली, दोन वाजून दहा मिनिटं. खिळ्याला अडकवताना मागे पावलं वाजली. नीलम होती. तिने चिठ्ठी वाचली, वेळ घातली आहे की नाही तेही पाहिलं. मग माझ्या पाया पडली आणि मैदानाकडे गेली, तिचा तास होता.

मागच्या महिन्यात प्रदर्शन पाहायला शाळेत गेले होते. फळा नवा केलाय, हिरव्या रंगाचा, खिळेही नवे. माझी चिठ्ठी पहिल्या खिळ्याला आहे. मी ती काढायला हात पुढे केला तेवढ्यात मागून नीलमचा आवाज आला, "मैडम जी, जो जगह पर लौट आए, उसी की पर्ची हटती है." मी हात मागे घेतला.

"जो जगह पर लौट आए," मी परत म्हटलं, "उसी की पर्ची हटती है."